‘रडका’ म्हणून मोडीत काढलेला सिनेमा

जुन्या तुर्की कौटुंबिक चित्रपटांविषयी आपल्याकडच्या जाणकारांचं मत केव्हाच ठरून गेलं आहे. तुर्कस्तानचा सिनेमा म्हणजे यिलमाझ ग्युने आणि त्याच्यानंतर थेट नुरी बिल्गे जेलान. ‘योल’ला 1982 मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ‘विंटर स्लीप’ला 2014 मध्ये. या दोन टोकांखेरीज इस्तंबूलच्या स्टुडिओंतून जे हजारो चित्रपट बाहेर पडले ते रडके, उसने आणि घाईत उरकलेले. आज कुणी ते हुडकून पाहत असेल तर त्याला दुर्मीळ गोष्टींची हौस आहे किंवा गेलेल्या काळाचा उमाळा आलेला आहे. फिल्म सोसायटीच्या चर्चांत हे मत मी इतक्या शांतपणे, इतक्या खात्रीने मांडलेलं ऐकलं आहे की त्याला कुणी हरकत घेतली तर लोक चमकून बघतात. मला हरकत घ्यायची आहे. हे मत अपुरं आहे एवढंच माझं म्हणणं नाही. ज्या गोष्टीसाठी हा सिनेमा पाहावा, नेमकी तीच या मताला दिसलेली नाही.

‘रडका’ या आरोपापासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे आरोप त्याच्याच आधाराने उभे आहेत.

ल्युत्फी अकाद यांचा ‘गेलिन’ (सून) हा 1973 सालचा चित्रपट घ्या. योझगात या अनातोलियातल्या भागातून एक कुटुंब इस्तंबूलला आलेलं आहे. सासरे हाजी इलियास, सासू, दोन मुलगे, सुना. किराण्याचं छोटं दुकान चाललं आहे, मोठं दुकान काढायचा बेत आहे. धाकटी सून मेरियम गावाहून नंतर येते, सोबत तिचा लहान मुलगा ओस्मान. मुलगा वारंवार आजारी पडतो. डॉक्टर सांगतात, हृदयाची शस्त्रक्रिया करावी लागेल. घरात पैसे आहेत, पण ते नव्या दुकानासाठी आहेत. आज ना उद्या करू, पोर आपोआप बरं होईल, गावाकडे काय कुणाला दवाखाने होते, असं करत दिवस ढकलले जातात. कुर्बान बैरामच्या सणात मुलगा मरतो.

आजारी मूल ही प्रेक्षकाला रडवण्याची सगळ्यात स्वस्त युक्ती, असं टीकाकार म्हणतात. युक्ती म्हणून ती स्वस्त आहे, हे खरंच. पण अकाद तिचं काय करतात ते पाहायला हवं. इथे देवाघरचा चमत्कार नाही, ऐन वेळी पैसे घेऊन धावत येणारा दिलदार श्रीमंत नाही. आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे की इथे खलनायकही नाही. अली शेन यांनी उभा केलेला सासरा नातवावर प्रेम करतो. त्याला तो मरावासा वाटत नाही. त्याने फक्त एक हिशेब मांडलेला आहे: या शहरात पाय रोवले नाहीत तर सगळं घर बुडेल, तेव्हा आधी दुकान. हा हिशेब घरातल्या एकालाही राक्षसी वाटत नाही. दीर गप्प, नवरा गप्प, सासू सासऱ्याच्या बाजूने. एका मुलाचा जीव कुणी क्रूरपणे घेत नाही, तो जमाखर्चात खर्ची पडतो. कॅमेरा या घरात थांबून, संथपणे, जेवणाची बैठक आणि पैशांची मोजणी सारख्याच लक्षाने बघतो. पुढे मेरियम ते दुकान पेटवते, घर सोडते आणि कारखान्यात कामाला लागते. घराण्याच्या अब्रूसाठी तिला मारायला नवऱ्याला पाठवलं जातं. तो येतो, आणि तिला मारायचं सोडून तिथेच काम मागतो.

या चित्रपटात डोळ्यांत पाणी येतं. का येऊ नये? पण ते पाणी अकारण आलेलं नाही. त्याच्या मागे रुपया-पैशांत मांडता येईल असा एक ताळेबंद आहे, आणि प्रेक्षकाला तो ताळेबंद पूर्ण कळलेला असतो. ज्या रडण्यामागचं कारण रडणाऱ्याला इतकं स्वच्छ दिसतं त्याला भावविवशता म्हणायला मी तयार नाही.

माझा मुद्दा हाच आहे. हे चित्रपट कुटुंबाची आरती करतात, हा समज त्यांतले चांगले चित्रपट न पाहिल्यामुळे झालेला आहे. या परंपरेतल्या उत्तम चित्रपटांनी दोन दशकं एकच प्रश्न धरून ठेवला: घर टिकवायचं तर त्याची किंमत कोण मोजतं? अकाद यांनी तो सलग तीन चित्रपटांत विचारला. ‘गेलिन’मध्ये किंमत मुलाने मोजली. ‘द्युयुन’मध्ये (लग्न, 1973) ऊर्फा भागातून आलेली पोरकी भावंडं शहरात तग धरण्यासाठी बहिणींच्या लग्नाकडे देजेची रक्कम म्हणून बघू लागतात. ‘दियेत’मध्ये (रक्ताची भरपाई, 1974) कारखान्यातलं प्रेस यंत्र कामगाराचा हात घेतं, आणि हाताचा भाव किती हा प्रश्न घरातून उठून संघटनेपर्यंत जातो. तिन्हींत मुख्य स्त्री हुल्या कोचीयित. घर, बाजार, कारखाना असा तो प्रवास आहे. समाजशास्त्राच्या ग्रंथांनी अनातोलियातून झालेल्या स्थलांतराबद्दल जे लिहिलं, ते या चित्रत्रयीने स्वयंपाकघरात बसून सांगितलं. आणि ते सांगितलं व्यापारी चौकटीत, नावाजलेली नटी घेऊन, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला.

हा प्रश्न अकाद यांचा एकट्याचा नव्हता. हालित रेफी यांच्या ‘गुर्बेत कुशलारी’मध्ये (परमुलखातले पक्षी, 1964) मारशहून एक कुटुंब हैदरपाशा स्टेशनवर उतरतं, इस्तंबूल जिंकायची भाषा बोलत. शहर त्या घराचा एकेक माणूस वेगळा करत जातं, मुलगी जीव देते, आणि उरलेले लोक परत त्याच स्टेशनवर येतात. अंताल्याच्या पहिल्याच महोत्सवात हा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला होता. एर्तेम एइलमेझ यांच्या ‘जानिम कार्देशिम’मध्ये (माझ्या भावा, 1973) झोपडवस्तीतल्या मुलाला रक्ताचा कर्करोग झालेला आहे आणि त्याला एकच गोष्ट हवी आहे: टीव्ही. तुर्कस्तानात दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. संच ही श्रीमंतांची चीज होती. तारिक आकान आणि हालित आक्चातेपे यांनी रंगवलेले दोन फटिंग तरुण त्या एका संचासाठी चोरीपर्यंत जातात. मुलगा वाचत नाही. एइलमेझ विनोदी चित्रपटांसाठी प्रसिद्ध. या चित्रपटाचा बराच भाग खरोखर हसवतो, आणि त्याच हसण्याच्या पोटी तो क्रूर आहे.

आता दुसरा आरोप: हे सगळं नकली. आवाज ओठांशी जुळत नाहीत, पात्रं कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतात, कॅमेरा एकदम चेहऱ्यावर झेपावतो. हे सगळं घडतं, मी नाकारत नाही. पण का घडतं हे समजून न घेता त्याला अडाणीपणा म्हणणं हा आळस आहे.

येशिलचाम ही इस्तंबूलच्या बेयोअलू भागातली एक गल्ली. निर्मात्यांची कार्यालयं तिथे होती म्हणून साऱ्या चित्रपट-धंद्यालाच ते नाव पडलं. या धंद्याला बँकेचं भांडवल नव्हतं. देश वितरणासाठी विभागांत वाटलेला होता: इस्तंबूल, इझमिर, अदाना, सामसुन वगैरे. प्रत्येक विभागाचा वितरक निर्मात्याला आगाऊ रक्कम देई, तीही बहुधा प्रॉमिसरी नोटांच्या रूपात, आणि त्या बदल्यात आपल्या भागात कोणते नट चालतात, कशी कथा चालते ते सांगे. कच्ची फिल्म परदेशातून यायची, महाग पडायची, परकीय चलनाची चणचण कायमची. तेव्हा एका दृश्याचे चार-चार टेक घेण्याची चैन परवडत नसे. चित्रीकरण मूक होई. कॅमेऱ्याबाहेर बसलेला सुफ्लोर, म्हणजे संवाद सांगणारा, ओळी वाचे, नट त्या म्हणत, आणि नंतर स्टुडिओत निराळेच आवाज त्यांवर चढवले जात. अशा पद्धतीने 1972 साली तीनशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्या काळात जगातल्या मोजक्याच देशांत इतकं काम होत होतं.

या रेट्यात तयार झालेले बहुसंख्य चित्रपट सामान्य होते. आंधळ्या नायिकेला शस्त्रक्रियेने दृष्टी येते आणि समोर नेमका नायकच उभा असतो, हे मी शंभर वेळा पाहायला तयार नाही. खेड्यातल्या बाईच्या तोंडी शहरी, स्वच्छ, घोटीव तुर्की घातली गेली, हा तर मला खरा दोष वाटतो. त्या आवाजांनी प्रांताप्रांतांची बोली पुसून टाकली. पण तीनशेंपैकी अडीचशे वाईट म्हणून उरलेल्यांकडे पाठ फिरवायची, हा न्याय आपण कोणत्याही दुसऱ्या कलेला लावत नाही. आणि त्या मर्यादांमधूनच एक गोष्ट कमावली गेली. हालचाल आणि आवाज दोन्ही हातचे गेल्यावर दिग्दर्शकांकडे चेहरा उरला. अकाद यांच्याच ‘वेसिकाली यारिम’मधला (1968) त्युर्कान शोराय यांचा चेहरा पाहा. आवाज दुसऱ्या बाईचा आहे हे ठाऊक असूनही, ऐकणारी, थांबणारी, कळून चुकलेली नायिका साबिहा त्या चेहऱ्यात पूर्ण उतरलेली आहे.

तिसरा आरोप उसनवारीचा. हॉलिवूड, इजिप्त, मुंबई, जिथून मिळेल तिथून येशिलचामने घेतलं. राज कपूरचा ‘आवारा’ पन्नासच्या दशकात तुर्कस्तानात तुफान चालला, आणि 1964 मध्ये सादरी आलिशिक यांना घेऊन ‘आवारे’ नावाने त्याचा तुर्की अवतार आला. मुंबईच्या धंद्याने जगभरातून काय काय उचललं हे ज्या आपल्याला पाठ आहे, त्या आपण तरी उसनवारीच्या मुद्द्यावर कुणाला कमी लेखू नये. खरा प्रश्न असा की घेतलेल्याचं काय केलं.

‘सेल्वी बोयलुम आल याझमालीम’ हे या प्रश्नाचं उत्तर आहे. आतिफ यिलमाझ यांचा हा चित्रपट 1978 साली पडद्यावर आला. मूळ कथा किरगिझ लेखक चिंगिझ ऐत्मातोव यांची. त्या कथेत एक पत्रकार प्रवासात दोन पुरुषांना भेटतो आणि ते दोघे आपापली बाजू त्याला सांगतात. जिच्यामुळे ही कथा घडते ती बाई स्वतः निवेदन करत नाही. चित्रपटाने हे उलटवलं. इथे आसियाचा अंतःस्वर आपल्याला ऐकू येतो. ट्रकचालक इलियासवर ती जीव टाकते, त्याच्यासाठी घर सोडते. त्याचं काम जातं, तो दारूकडे आणि दुसऱ्या बाईकडे वळतो, आणि ती मूल घेऊन निघते. जेमशित नावाचा पोक्त माणूस तिला आसरा देतो, मुलाला वाढवतो, काही मागत नाही. काही वर्षांनी इलियास परततो. कादिर इनानिर यांच्या रूपात प्रेम दारात उभं आहे, आणि आत अहमेत मेकिन यांचा शांत जेमशित. मुलगा ज्याला बाबा म्हणतो तो जेमशित. आसिया स्वतःशी प्रेमाचा अर्थ तपासते आणि ज्याने रोजचे कष्ट उचलले त्याला निवडते. मन अजूनही इलियासकडे ओढ घेतं, हेही ती लपवत नाही.

बाप कोण, ज्याचं रक्त तो की ज्याने वाढवलं तो, हा कौटुंबिक नाट्याचा जुनाच पेच आहे. पण इथे तो बाईने, तिच्या स्वतःच्या विचाराने, सोडवलेला आहे. न्यायालय नाही, गावपंच नाहीत, बापाची आज्ञा नाही. ही नक्कल असेल तर अशा नकला आपल्याकडे अजून व्हायला हव्यात.

मग चौथा आक्षेप येतो, आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो पुरोगामी बाजूने येतो: हे चित्रपट शेवटी कुटुंबसंस्थेला शरण जातात, बाईला घरात परत पाठवतात. अनेक चित्रपटांबाबत हे खरं आहे. ‘वाट चुकलेल्या’ बाईला शेवटच्या रिळात मारून टाकायची सोय येशिलचामला फार आवडे. मुनिर ओझकुल आणि आदिले नाशित या लाडक्या जोडीचे ‘बिझिम आइले’ (1975) किंवा ‘नेशेली ग्युन्लेर’ (1978) यांसारखे चित्रपटसुद्धा गरीब म्हणजे निर्मळ आणि श्रीमंत म्हणजे कोरडा, अशी सोपी वाटणी करतात. ‘नेशेली ग्युन्लेर’मध्ये लोणचं लिंबात घालायचं की व्हिनेगरमध्ये या भांडणावरून नवरा-बायको वेगळे होतात, मुलं वाटून घेतात. मला हा चित्रपट मनापासून आवडतो, तरी त्यात घर पुन्हा सांधलं जाणार हे पहिल्यापासून ठरलेलं आहे, हे मी मान्य करतो.

पण ‘वेसिकाली यारिम’ पुन्हा पाहा. साफा ओनाल यांची पटकथा, साइत फाइक यांच्या कथेवरून सुचलेली. भाजीविक्या हलील बेयोअलूच्या एका मद्यालयात साबिहाला भेटतो. आपलं लग्न झालंय, मुलं आहेत, हे तो सांगत नाही. तिला ते कळतं. शेवटी साबिहा बाजूला होते आणि हलीलचं घर टिकतं. कागदावर हा कुटुंबसंस्थेचा विजय. पडद्यावर मात्र त्या विजयात कुणाच्याच वाट्याला काही येत नाही. ना हलीलच्या, ना मुकाट्याने वाट बघणाऱ्या त्याच्या बायकोच्या, ना साबिहाच्या. नियम पाळला गेला आणि त्या नियमाचा भार तीन माणसांवर कसा पडला हे इतक्या समंजसपणे दाखवणारा चित्रपट नियमापुढे शरण गेला असं म्हणता येत नाही. सेन्सॉरच्या धाकात आणि वितरकाच्या दबावात शेवट बदलणं दिग्दर्शकाच्या हातात नसे. शेवटाची किंमत दाखवणं मात्र हातात होतं, आणि अकाद यांनी ते केलं.

आता दुर्मिळतेविषयी. माझ्या बाजूचे समजले जाणारे काही लोक म्हणतात की या चित्रपटांची गोडी ते सापडत नाहीत यातच आहे: खरवडलेली प्रत, उडालेले रंग, अर्धवट उपशीर्षकं. यांच्याशीही माझं भांडण आहे, आणि ते जास्त तिखट आहे. दुर्मीळ असणं हा या सिनेमाचा गुण नव्हे, त्याच्यावर झालेला अन्याय आहे. 1959 साली इस्तंबूल महापालिकेच्या गोदामाला आग लागली आणि आधीच्या दशकांतल्या तुर्की चित्रपटांचा मोठा साठा जळाला. पुढे कित्येक प्रती फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी नष्ट केल्या गेल्या. 1980 च्या लष्करी उठावानंतर ग्युनेच्या चित्रपटांवर घाला आला. मेतिन एर्कसान यांच्या ‘सुसुझ याझ’ची (कोरडा उन्हाळा) कहाणी तर संतापजनक आहे. शेतातलं पाणी अडवून धरणारा थोरला भाऊ, धाकटा भाऊ आणि त्याची बायको यांची ही गोष्ट. 1964 मध्ये बर्लिन महोत्सवाचं सुवर्ण अस्वल तिला मिळालं. त्यानंतर निर्मात्याने परदेशी बाजारासाठी त्यात उत्तान दृश्यं घुसडली, आणि एर्कसान यांचा मूळ चित्रपट दशकानुदशकं नीट बघायलाच मिळाला नाही. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने 2008 मध्ये त्याचं पुनरुज्जीवन केलं तेव्हा कुठे तो जगासमोर आला. ती धुऊन-पुसून काढलेली प्रत पाहताना पाण्याची, मातीची, उन्हाची जी धार जाणवते, ती खरवडलेल्या प्रतीत नव्हती. 2003 साली पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांसह नायट्रेटवरचा ठेवा गमावलेल्या आपल्या राज्यात तरी कुणी चित्रपटाच्या नासाडीत सौंदर्य शोधू नये.

शिवाय दुर्मीळ कुणाला? तुर्की घरांत ‘नेशेली ग्युन्लेर’ टीव्हीवर पुन:पुन्हा लागतो, लोकांना संवाद तोंडपाठ आहेत. ज्या चित्रपटावर एक अख्खा देश वाढला त्याला संग्राहकाची चीज मानणं म्हणजे त्याच्या प्रेक्षकांना अदृश्य करणं.

आणि मला वाटतं, सगळ्या वादाची मेख या प्रेक्षकातच आहे. येशिलचामच्या ऐन भरात दुपारी खास बायकांचे खेळ असत. बायका पोरांना घेऊन येत, सोबत खायला आणत, मोठ्याने रडत आणि पडद्यावरच्या सासूला नावं ठेवत. उन्हाळ्यात उघड्यावरच्या चित्रपटगृहांत शेजारपाजार लोटे. हा धंदा बुडाला तो प्रेक्षक शहाणे झाले म्हणून नव्हे. टीव्ही घराघरांत पोचला, रस्त्यांवर राजकीय हिंसा वाढली, महागाई भडकली, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात पैशासाठी निर्मात्यांनी कामुक चित्रपटांची लाट आणली. बायका चित्रपटगृहात यायच्या बंद झाल्या, आणि त्यांच्याबरोबर कौटुंबिक चित्रपट गेला. त्या पुढे ज्या पडद्यासमोर बसल्या, तिथे तो मालिकांच्या रूपाने परत आला. रेशात नुरी गुन्तेकिन यांच्या ‘याप्राक दोक्युमु’ या 1930 च्या कादंबरीवर चित्रपट निघाले होते, 2006 मध्ये मालिका आली. ‘फातमागुल’ ही वेदात तुर्काली यांच्या पटकथेवरच्या 1986 च्या चित्रपटातून आलेली मालिका हिंदीत ‘झिंदगी’ वाहिनीवर लागली, तेव्हा महाराष्ट्रातल्याही कित्येक घरांत ती चवीने पाहिली गेली. त्या बायकांना येशिलचाम हे नाव ऐकून माहीत नव्हतं. बलात्कार झालेल्या मुलीला अब्रूच्या नावाखाली लग्नात ढकलणारं घर मात्र त्यांनी लगेच ओळखलं.

‘रडका’ हा शेरा या प्रेक्षकावरच मारलेला आहे. 1991 साली ‘माहेरची साडी’ला गर्दी करणाऱ्या बायकांवर तो मारला गेला, तोच बेयोअलूच्या दुपारच्या खेळांवरही. चित्रपट न पाहता तो मारता येतो, कारण निकाल चित्रपटाचा नसतोच. म्हणून माझी फिल्म सोसायट्यांकडे मागणी साधी आहे. अकाद यांची चित्रत्रयी क्रमाने, पुनरुज्जीवित प्रती मिळतील तिथून मिळवून, मराठी उपशीर्षकांसह दाखवा. रविवारच्या सकाळी सभासदांपुरती नको. दुपारी ठेवा, आणि ज्यांनी ‘फातमागुल’ शेवटच्या भागापर्यंत पाहिली त्यांना आवर्जून बोलवा. ‘गेलिन’ संपल्यावर चर्चेत पहिल्यांदा त्यांना बोलू द्या.